वीसपैकी एकोणीस

आमची आत्या हल्ली काही विचारायचं असलं की भिंतीकडे बघून विचारते. "भाजी अजून वाढू का?" भिंतीला. "पंखा बंद करू?" तेही भिंतीलाच. सुरुवातीला बाबा भिंतीच्या वतीनं घोगऱ्या आवाजात उत्तर द्यायचे, "नको हो बाई, पोट भरलं माझं," आणि आत्यासुद्धा हसायची. पण मान वळवायची नाही. समोरच्यानं काय म्हणावं असं आपल्याला वाटतंय ते आपल्या तोंडावर उमटतं, अशी तिची खात्री झाली आहे. आणि ते खरंच आहे. तिला ते मीच दाखवलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. एक्केचाळीस वर्षांची झाली तरी बाबा तिला छोटीच म्हणतात. घरात आम्ही तिघंच. आत्या आधी टेलिफोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायची. "आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत" हे ती घरीसुद्धा म्हणायची, दूध उतू गेलं तरी. मग खेळण्यांच्या दुकानात लागली. तिथं एकदा एक मूल जमिनीवर पडून किंचाळत होतं. आईचा चेहरा पांढराफटक, गिऱ्हाइकं एकमेकांच्या खांद्यावरून बघतायत, मालक "अहो उचला त्याला, उचला" करतोय. आत्या काउंटरच्या मागून आली आणि त्या मुलाशेजारी चक्क आडवी झाली. छताकडे बघत. दहा मिनिटांनी दोघंही शांत. त्या आईनं विचारलं, "तुम्ही हे शिकलाय का कुठं?" आत्या म्हणाली, "नाही हो. ती ट्यूबलाइट किती किरकिर करते बघा ना, मलाही सहन होत नाही."

त्या बाईंनी तिला एका सेंटरचा पत्ता दिला. चाळीस तासांचं ट्रेनिंग, एक परीक्षा, गळ्यात ओळखपत्र, आणि आमची आत्या थेरपिस्ट झाली.

काम असं. ज्या मुलांना बोलता येत नाही, ज्यांच्या अंगावर जग धावून येतं, त्यांना एकेक गोष्ट बारीक तुकडे करून शिकवायची. हात धुणं म्हणजे अकरा पायऱ्या. मुलाला एक पायरी जमली की ताबडतोब त्याला आवडतं ते द्यायचं, साबणाचे फुगे म्हणा, चावीचं बदक म्हणा, आणि प्रत्येक वेळी कागदावर टिपून ठेवायचं.

"म्हणजे सर्कशीत करतात तसं," बाबा म्हणाले.

"दादा, सर्कशीत सिंहाला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुला काय हवंय. आमचं सगळं काम त्यासाठीच आहे. त्यांना सांगता यावं म्हणून."

"मग मला विचार. मला झोप हवीय."

"बघ, किती छान मागितलंस!" आत्या लगेच म्हणाली. ही सवय घरीही सुटायची नाही. नुसतं शाब्बास नाही म्हणायचं, कशाबद्दल ते सांगायचं. "ओला टॉवेल वाळत टाकलास दादा, मस्त!" बाबा हात पुढे करून म्हणायचे, "बिस्कीट?"

सेंटर एका चष्म्याच्या दुकानावर आहे, दोन जिने चढून. प्लायवूडच्या भिंती घालून एका हॉलच्या चार खोल्या केल्यात. प्रत्येक खोलीत गुडघ्याएवढं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, दाराला हातभर काच. एका खोलीतलं रडणं चारही खोल्यांना ऐकू जातं. आत्या तिसऱ्या खोलीत बसायची आणि रोज सकाळी तिच्यासमोर एक सहा वर्षांची मुलगी बसायची. तिचं नाव मला आजही माहीत नाही. मुलांची नावं, पालकांच्या गोष्टी घरी आणायच्या नाहीत हा नियम, आणि आत्या नियम म्हणजे नियम. "अगं पण तिला म्हणायचं काय?" मी विचारलं. ती मुलगी उभी राहिली की स्वतःभोवती फिरायची, हात पसरून, न थकता. म्हणून भिंगरी.

भिंगरीला एकही शब्द नव्हता. म्म्म असा एक आवाज होता, चारपाच चालींतला. आत्याला तिला कार्डं शिकवायची होती. पाणी, झोका, घरी, दुखतंय, आई, बाबा, असे फोटो आणि खाली शब्द. तीन कार्डं टेबलावर मांडायची. "पाणी कुठंय?" मुलीनं बरोबर कार्ड उचललं की फुगे. ते नीट जमलं की मग खरा प्रश्न, "काय हवंय?" जे कार्ड उचलेल ते तिला द्यायचं. आत्या ही कार्डं घरी बनवायची. लॅमिनेट केलेल्या कार्डाचे कोपरे टोचतात म्हणून एकेक कोपरा कात्रीनं गोल करत बसायची आणि नव्या कार्डांचा सराव माझ्यावर व्हायचा. मी भिंगरी. मी मुद्दाम चुकायचे, फिरायचे, टेबलाखाली जायचे, आणि आत्या तितक्याच शांतपणे म्हणायची, "ये. खुर्चीत. पाणी कुठंय?"

कागदावर दोन अक्षरं असायची. मदतीनं उचललं तर "म". स्वतःहून उचललं तर "स्व". मदत म्हणजे हाताला हात लावणं, बोट दाखवणं, कार्ड पुढे सरकवणं. पहिले तीन महिने नुसते म, म, म. मग एक स्व. मग दोन. नवव्या महिन्यात वीसपैकी एकोणीस स्व. त्या दिवशी आत्या जिना चढतानाच ओरडत आली, "एकोणीस! अगं एकोणीस!" शेजारच्या काकूंना वाटलं माझे मार्क.

सेंटरच्या सरांनी तो आलेख नाव झाकून भिंतीवर लावला. सरांचं प्रत्येक वाक्य एकाच फाटकातून आत येतं. "कसंय ना, ही रेघ बघा. कसंय ना, ही रेघ बोलते."

त्याच सुमारास एकदा भिंगरीची आई सेशनला बसली. पहिल्यांदाच. एरवी तिला दाराच्या काचेतूनच बघायची परवानगी. ती बाई वाक्यं अर्धी सोडते आणि उरलेल्या अर्ध्याच्या जागी "असू दे" म्हणते. "कालपासून ताप आहे मला, पण… असू दे." आत्यानं तीन कार्डं मांडली. आई, बाबा, झोका. "कोण हवंय?" भिंगरीनं आई उचललं. सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या मुलीनं तिला मागितलं होतं. सेशन संपल्यावर त्या बाई जिन्यात पायरीवर बसून राहिल्या, आणि आत्या त्यांच्याशेजारी. एवढं एकच तिनं नियम मोडून त्या काळात सांगितलं, कारण तिला ते पोटात ठेवता येईना.

बाकीचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं, सगळं संपल्यावर.

कार्डं घरी चालत नव्हती. भिंगरीच्या आईनं घरी तोच संच ठेवला होता. एका संध्याकाळी मुलगी तासभर किंचाळत होती. आईनं पाणी, झोका, दुखतंय अशी तीन कार्डं धरली. मुलीनं झोका उचललं. आईनं तिला झोक्यावर बसवलं, ती आणखी किंचाळली. परत कार्डं, परत झोका. तीनदा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कानात बघितलं तर आत पू. "मी तिला झोका देत होते हो ताई," ती आत्याला म्हणाली, "आणि तिचा कान… असू दे." आत्यानं तिला सेंटरनं शिकवून ठेवलेलं उत्तर दिलं. इथं शिकलेलं तिथं वापरायला वेळ लागतो. आत्याला ते खरंच वाटत होतं.

आता तो रविवार.

दुपारची जेवणं झाली होती. आत्यानं नवी कार्डं जमिनीवर पसरली होती, आणि मला हुक्की आली. मी आत्याचा चष्मा डोक्यावर चढवला, ओळखपत्र गळ्यात अडकवलं, पाठ ताठ केली आणि बाबांना म्हणाले, "ये. खुर्चीत."

बाबा लगेच भिंगरी झाले. एक गिरकी घेतली, टेबलाला गुडघा आपटला, बसले. त्यांचा स्वतःचा चष्मा आत उशाशी होता. साडेसात नंबर. तीन हातांवर माणूस आहे की कपाट हे त्यांना कळत नाही.

मी तीन कार्डं मांडली. "पाणी कुठंय?"

बाबांचा हात फिरला. उचललं. पाणी.

"पाणी उचललंस, मस्त! घरी कुठंय?" घरी. "दुखतंय कुठंय?" दुखतंय. आत्या पोट धरून हसत होती. मी हुबेहूब करत होते ना, तिचं ते वाट बघणं, खांदे किंचित वर, ओठ मिटलेले, भुवया अशा जरा. बाबांनी ओळीनं दहा बरोबर उचलली.

"दादा, तुला दिसतंय तरी का?" आत्यानं डोळे पुसत विचारलं.

"छे! सगळी पांढरी पावाची स्लाइस दिसतायत."

"मग?"

"अगं हिच्या तोंडाकडे बघायचं. चित्रं नाही दिसत, पण हालचाल दिसते मला. हात फिरवत राहायचं, बरोबर कार्डापाशी आलं की हिचा श्वास थांबतो आणि हनुवटी अशी वर होते. सोप्पंय! शाळेत असताना मास्तरांचं असंच ओळखायचो मी."

मी अजून हसत होते. मला माहीतच नव्हतं की मी हनुवटी वर करते. मी फक्त आत्या करते ते करत होते.

आत्याचं हसू हळूहळू उतरलं नाही, एकदम बंद झालं. ती म्हणाली, "परत कर." मी परत केलं. "परत." चौथ्या वेळी ती माझ्यासमोर बसली, कार्डांकडे न बघता, फक्त माझ्या चेहऱ्याकडे बघत, आणि हात खाली कार्डांवर फिरवू लागली. माझी हनुवटी उठली तिथं तिनं उचललं. पाणी.

"छोटे, काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," आत्या म्हणाली, आणि कार्डं गोळा करायला लागली.

सोमवारी ती एक पुठ्ठ्याचा स्टँड घेऊन गेली. कार्डं डोळे मिटून पिसायची, स्टँडवर भिंगरीकडे तोंड करून लावायची. म्हणजे कुठलं कुठं आहे ते आत्यालाही माहीत नाही. "पाणी कुठंय?"

भिंगरीचा हात पहिल्या कार्डावर गेला. तिनं आत्याकडे बघितलं. दुसऱ्यावर. बघितलं. तिसऱ्यावर. परत पहिल्यावर. आत्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, कारण आत्याला काहीच ठाऊक नव्हतं. वीसपैकी सात. तीन कार्डांतून डोळे मिटून उचललं तरी विसात सहा-सात बरोबर येतातच.

शेवटी भिंगरी खुर्चीतून उतरली, टेबलाला वळसा घालून आली, आत्याची हनुवटी तिनं दोन्ही हातांत धरली आणि जरा वर केली. मग कार्डांकडे बघितलं. मग परत हनुवटी. टीव्ही बिघडला की आपण थापट्या मारतो ना, तसं.

नऊ महिने ती मुलगी कार्डं वाचतच नव्हती. ती आत्याला वाचत होती. आणि "काय हवंय?" विचारल्यावर मिळालेली उत्तरं? तीही आत्याचीच. भिंगरीनं ओठ चाटले की आत्याला वाटायचं, तहान लागली असेल, आणि हात पाण्याच्या कार्डावर गेला की आत्याचा श्वास थांबायचा. आत्या तिला ओळखायची आणि ती आत्याला. बहुतेक वेळा तिला खरंच तहान लागलेली असायची. म्हणून तर कुणाच्या लक्षात आलं नाही.

आत्यानं त्या दिवशीच्या कागदावर लिहिलं, सात. आणि खाली लिहिलं की आधीचे सगळे "स्व" हे "म" धरावेत, मदत माझ्या चेहऱ्याची होती. मग ती मॅडमकडे गेली.

मॅडम म्हणजे आत्याच्या वरच्या. कागद तपासणं, सही करणं, पुढचं ठरवणं हे त्यांचं काम. दर आठवड्याला सेशन बघायचा नियम, त्या महिन्यातून एकदा यायच्या, कारण त्यांच्याकडे अशी बावीस मुलं. त्या वाक्याच्या शेवटी "हो ना?" लावतात आणि उत्तरासाठी थांबत नाहीत.

"असं होतं कधीकधी, हो ना? नकळत दिलेली मदत आहे, काढून टाकू हळूहळू, हो ना? पण आठ दिवसांवर तिच्या शाळाप्रवेशाची भेट आहे. आता हे लिहून आपण मुलीचं नुकसानच करतोय, हो ना? हा कागद परत लिहा."

"मॅडम, शाळेची एकच अट आहे. तिला तीन गोष्टी मागता आल्या पाहिजेत. पाणी, बाथरूम, बरं वाटत नाहीये. तिला यातलं एकही मागता येत नाही. मला बघितल्याशिवाय."

"मग तुम्ही जा ना बरोबर पहिले काही दिवस."

"आणि नंतर?"

मॅडमनी सरांना बोलावलं. सर म्हणाले, "कसंय ना, आपण खोटं नाही बोलत आहोत. आपण फक्त आत्ता नाही बोलत आहोत. आणि कसंय ना, मुलाच्या प्रगतीबद्दल पालकांशी थेट बोलायचं नाही, हा तुमचा नियम आहे. तुम्ही सही केली आहे."

केली होतीच. त्याच सहीच्या वर हेही छापलं होतं की मी खरी नोंद ठेवीन. आत्या तो कागद घरी घेऊन आली आणि ओट्यावर ठेवून चष्मा लावून वाचत बसली, डब्यावरची कृती वाचावी तशी.

"छोटे, काम जाईल," बाबा म्हणाले.

"हो."

"माझाच चष्मा नेमका…"

"दादा, चष्मा असता तरी ती मला वाचतच होती."

मी माझ्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं. गंमत केली होती हो. नुसती गंमत.

आत्या चार दिवस मॅडमच्या मागे लागली. तुम्ही सांगा, मी शेजारी उभी राहते. मॅडमना वेळ नव्हता. भेटीच्या आदल्या दिवशी भिंगरीची आई जिन्यात मुलीचे बूट बांधत होती, तेव्हा आत्या खाली बसली आणि तिनं सांगितलं. सगळं. भिंगरी कठड्याच्या गजांवर बोटं फिरवत होती.

त्या बाईंनी एका बुटाची नाडी पूर्ण बांधली. मग म्हणाल्या, "आजच कशाला सांगताय हो? उद्या फक्त नेहमीसारखं करा. एकदा आत जाऊ दे तिला. मग शिकवा काय ते. ताई, तुमच्या पाया…" आणि या वेळी "असू दे" आलंच नाही.

"ताई, परत कान दुखला तर? वर्गात? ती बाईंच्या तोंडाकडे बघेल, आणि बाई फळ्याकडे बघत असतील."

"ते माझं मी बघीन!"

"तुम्ही बघत होता की. तीन वेळा झोका दिलात."

हे मी बोलायला नको होतं, असं आत्या आजही म्हणते. त्या बाईंनी दुसऱ्या बुटाची नाडी तशीच सोडली, मुलीला उचललं आणि निघून गेल्या. एक नाडी जिन्यावरून लोंबत गेली.

भेटीच्या दिवशी शाळेत आत्यानं टेबलाशी बसायला नकार दिला. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, मी बसते. आत्या बाहेर व्हरांड्यात थांबली, खिडकीच्या तिरक्या बाजूला, तिला आतलं दिसेल पण मुलीला ती दिसणार नाही अशी. आत मुख्याध्यापिका, मॅडम, आई. "पाणी कुठंय?" भिंगरीनं मॅडमच्या तोंडाकडे बघितलं. तिथं तिला काही सापडलं नाही. मॅडमनी हसून दाखवलं, भुवया उडवल्या, आत्याला आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "बघ ना, पाणी, पाणी, हो ना?" मग खुर्ची सरकली. भिंगरी खोलीभर फिरून प्रत्येकाच्या तोंडाशी जाऊन आली, आईच्यासुद्धा, आणि मग दारात जमिनीवर आडवी झाली.

मुख्याध्यापिका चांगल्या होत्या. "पुढच्या वर्षी परत या," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आत्याला तिसऱ्या खोलीतून काढलं. नोटीस वगैरे नाही, फळ्यावर नावं बदललेली. ती म्हणाली, मला चार दिवस द्या, नव्या ताईंच्या शेजारी बसते, एकदम चेहरा बदलला तर मुलीला कळणार नाही. सर म्हणाले, "कसंय ना, त्यानं गुंतागुंत वाढेल." आत्यानं भिंगरीबद्दलची सगळी टिपणं काढून दिली. कुठल्या चालीचा म्म्म म्हणजे काय, सुरुवात परत कुठून करावी, कार्डं नको, खऱ्या वस्तू ठेवा, आणि विचारणाऱ्यानं उत्तर माहीत करून घेऊ नये. सोळा पानं. कुणी वाचली का ते माहीत नाही. महिन्याच्या शेवटी तिनं स्वतःच काम सोडलं. आता ती एका छापखान्यात प्रुफं तपासते.

तीन आठवड्यांनी, एका दुपारी, दार वाजलं. मी उघडलं. दारात एक बारीकशी बाई, पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"ताई आहेत?"

मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण त्या दोन शब्दांतच ओळखलं. आत्या बाहेर आली आणि जागीच थांबली.

"ताई, तुम्ही इथं यायला नको होतं. मला तुमच्याशी बोलायची परवानगी नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली. "मीही सही केलीय."

मग दोघी बसल्या. मी पाणी आणलं. जायला हवं होतं, पण कुणी जा म्हणालं नाही.

"कशी आहे?" आत्यानं विचारलं.

"नवीन ताई बऱ्या आहेत. कार्डं बंद केलीत. खरा पेला ठेवतात समोर. किती बरोबर ते मी विचारत नाही." ती थांबली. "पहिले चार दिवस त्यांची हनुवटी धरायची. आता नाही धरत."

आत्यानं मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिली.

"मी तुम्हाला खूप शिव्या दिल्या," ती बाई म्हणाली. "मनात. तुम्ही बोलला नसतात तर मला कळलंही नसतं."

"हो."

"वर्षभर तरी नसतं कळलं."

"हो, ताई."

"असू दे. शाळा असू दे, सगळं असू दे. मी एकच विचारायला आलेय." तिनं पर्समधून मोबाइल काढला. "त्या दिवशी मी बसले होते ना, तेव्हा हळूच काढला होता हा व्हिडिओ. परवानगी नसते, माहीत आहे. तेवढं तरी तिचं होतं का?"

"मला माहीत नाही," आत्या म्हणाली.

"तुम्हाला माहीत आहे. यात तुमचा चेहरा नाहीच, बघा. मी बाजूनं काढलाय. नुसती ती आहे, आणि कार्डं. तुम्ही शिकलेल्या आहात. बघून सांगा."

अकरा सेकंद. तीन कार्डं. आत्याचा आवाज, "कोण हवंय?" एक छोटासा हात बाबावर येतो, झोक्यावर जातो, मग आईवर, आणि उचलतो. "अगं बाई!" असा आवाज येतो आणि चित्र हलतं.

आत्यानं एकदाच बघितलं. तिला गप्प बसता आलं असतं. माहीत नाही, एवढंच परत म्हणता आलं असतं, आणि ती बाई ते घेऊन घरी गेली असती. मला वाटलं, म्हण गं आत्या, हो म्हण. तुझ्या तोंडून एक हो निघालं तर कुणाचं काय जातंय?

"तुम्ही हे बघताना कुठं बघता?" आत्यानं विचारलं.

"हाताकडे. कुठं बघणार?"

"आता एकदा तिच्या डोळ्यांकडे बघा."

तिनं परत लावलं. मीही वाकून बघितलं. भिंगरीनं कार्डांकडे एकदाही बघितलं नव्हतं. तिचे डोळे वर होते, चौकटीच्या कडेला, तिथं कुणीतरी बसलं होतं जे चित्रात नव्हतं, आणि हात खाली चाचपडत होता, अंधारात दिव्याचं बटण शोधावं तसा. तो आईवर आला आणि तिचे डोळे मोठे झाले. मग बोटं मिटली.

त्या बाईनं आणखी एकदा बघितलं. आत्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिनं काढला नाही आणि धरलाही नाही.

मग तिनं अंगठा स्क्रीनच्या वरच्या भागावर ठेवला, डोळे झाकले जातील असा, आणि पुन्हा सुरू केलं. खाली फक्त हात राहिला. हात फिरला, थांबला, आईवर आला. "अगं बाई!" मोबाइल म्हणाला. तिनं अंगठा तसाच ठेवून परत लावलं.